घरगुती हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीच्या कामाचा, संस्थेचा पहिला निधी-प्रस्ताव लिहिताय ना?

ताई, आधी कागद बघा: १२ए (संस्थेला आयकरात सूट देणारी नोंदणी), ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारी), दर्पण क्रमांक (सरकारच्या एनजीओ पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक). कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी हवा असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणीही लागते. एफसीआरएच्या, म्हणजे परदेशी देणग्या घेण्याच्या परवानगीच्या, मागे आत्ताच लागू नका.

नवखी मंडळी पानंच्या पानं 'महिला सक्षमीकरणा'वर लिहितात आणि नेमकं काय करणार तेच राहून जातं. २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराविरोधी कायद्याने बाईला संरक्षणाचा आदेश, घरात राहण्याचा हक्क, खर्चाला पैसे मिळू शकतात. पण त्यासाठी वाडीवरून तालुक्याच्या कोर्टात तारखेला पोचावं लागतं, भर पावसातसुद्धा. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, सोबत जाणाऱ्या कार्यकर्तीचं मानधन, सगळं बजेटमध्ये धरा. मानधन संकोचाने कमी दाखवू नका, काम तिच्याच जिवावर चालतं.

आणि केस स्टडी फार जपून लिहा. नाव बदललं की झालं, असं समजू नका. 'गुहागरजवळची, नवरा बोटीवर खलाशी, दोन मुली' एवढ्यावरून अख्खी वाडी तिला ओळखते. गाव, धंदा, मुलं, फोटो, सगळं काढा. देणगीदाराने आग्रह धरला तर सरळ नाही म्हणा, निधी गेला तरी चालेल.

मसुदा झाला की पाठवा, मी वाचते.