दमा असलेल्या मुलीने दम्यावरच रिसर्च करावा का?

नमस्कार ताई,

पत्र वाचलं. मुलीने दुसऱ्यांदा नीट दिली, एमबीबीएसला नंबर लागेल असं दिसत नाही, ती म्हणते मला अ‍ॅलर्जी-दम्यावर रिसर्च करायचाय, तिच्या बाबांना वाटतं त्यात पोट भरत नाही आणि तुम्हाला काळजी की हिला स्वतःलाच लहानपणापासून दमा, लॅबमध्ये कसं निभणार.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की साधी सर्दी झाली तरी हिचा दमा बळावतो. अहो, हाच तर तिच्या विषयाचा गाभा आहे! २०१४ ला डेन्मार्कमध्ये, दम्यामुळे लहान वयात वारंवार अ‍ॅडमिट व्हावं लागलेल्या मुलांमध्ये सीडीएचआर३ नावाच्या जीनमधला एक बदल सापडला, पण या जीनपासून बनणारं प्रोटीन नक्की करतं काय ते कळत नव्हतं, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत लक्षात आलं की सर्दीचा रायनोव्हायरस सी याच प्रोटीनला धरून श्वासनलिकेच्या पेशीत शिरतो, आणि तो बदल असला की प्रोटीन पेशीच्या पृष्ठभागावर जास्त येतं. म्हणजे दमावाले आणि व्हायरसवाले एकाच दारापाशी येऊन भेटले. मला हे फार भारी वाटतं, तिला नक्की सांगा.

आता रस्ता. तिसऱ्यांदा ड्रॉप नको, हे माझं स्पष्ट मत. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची आयएटी ही प्रवेश परीक्षा द्या, तिथे पाच वर्षांचा बीएस-एमएस आहे, पण त्या परीक्षेत गणितही असतं आणि तिने गणित सोडलंय, त्यामुळे ते आजपासून सुरू. नाही जमलं तर मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेकला बीएस्सी करून चांगल्या ठिकाणी एमएस्सी, पुण्याच्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत तर व्हायरॉलॉजीतच एमएस्सी होते. त्यानंतर पीएचडी, त्याला पाच-सहा वर्षं धरा.

बाबांना सांगा, नेट परीक्षेतून जेआरएफ ही सरकारी संशोधन फेलोशिप मिळाली की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि मग ४२,००० मिळतात, घरभाडं वेगळं. श्रीमंती नाही, पण घरून पैसे मागवावे लागत नाहीत. मात्र पक्की नोकरी लागेपर्यंत तिशी येते, हे घरात आधीच बोलून घ्या. पीएचडी नको वाटली तर एमएस्सीनंतर लस आणि इनहेलर बनवणाऱ्या कंपन्या आहेतच.

दम्याचं म्हणाल तर खरी अडचण केमिकलपेक्षा उंदरांची. उंदरांच्या लघवीत एक प्रोटीन असतं, पिंजरे साफ करताना ते हवेत उडतं आणि उंदरांवर काम करणाऱ्या बऱ्याच लोकांना त्याची अ‍ॅलर्जी होते, आधी काही त्रास नसलेल्यांनासुद्धा. म्हणून तिने पेशींवरचं किंवा कॉम्प्युटरवरचं काम असलेली लॅब निवडावी, गाईडला दम्याचं पहिल्याच भेटीत सांगावं, आणि छातीच्या डॉक्टरांना विचारून इनहेलर नियमित घ्यावा, बरं वाटतंय म्हणून मधेच बंद करू नये.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या निमित्ताने पुण्यातल्या बऱ्याच संशोधन संस्था सगळ्यांसाठी खुल्या असतात, तिला घेऊन या, बाबांनाही आणा. मोठ्या सायंटिस्टपेक्षा तिथल्या पीएचडीच्या मुलामुलींशी बोलू द्या, प्रयोग फसला की ते काय करतात ते तिने स्वतः विचारावं, आणि ते ऐकूनही तिला तेच करायचं असेल तर मला कळवा, कॉलेजांची यादी आपण बसून करू.