प्रार्थनेत डुलकी लागते, म्हणजे विश्वास थंड पडला का?

"प्रार्थनेला बसलं की डोळे मिटतात आणि अंथरुणावर पडलं की टक्क उघडतात." माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांतून हे वाक्य मी शब्दांच्या थोड्याफार फरकाने सतत ऐकते. बोलणारे पाळक असतात, पाळकबाई असतात, शब्बाथशाळेत शिकवणाऱ्या मुली असतात, घरात दुखणाईत माणूस सांभाळणाऱ्या सुना असतात. तक्रार झोपेची असते, पण पुढचा प्रश्न ठरलेला: "मॅडम, माझा विश्वास थंड पडलाय का?"

अलीकडे हा प्रश्न वाढलाय. मोबाईलवर रात्रंदिवस संदेश चालू असतात. तीन वाजता जाग आली तर देवच उठवतोय, पुन्हा झोपलात तर आशीर्वाद गमावलात, असं ठासून सांगणारे उपदेशक घरोघरी ऐकले जातात. म्हणून एका ताईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि अशाच दुसऱ्या काही जणींचं बोलणंही तिच्यात मिसळलंय.

ताई नगरकडच्या. शाळेत शिक्षिका, मंडळीत म्हणजे चर्चमध्ये महिला मंडळाच्या चिटणीस. साखळी प्रार्थनेत पहाटे तीन ते चारची पाळी कुणी घेत नाही. ती त्यांनी मागून घेतलेली. पहिल्याच भेटीत पर्स मांडीवर घट्ट धरून म्हणाल्या, "मला झोपेची गोळी नकोय. जागं राहायचा उपाय सांगा."

"जागं कशासाठी राहायचंय?"

"प्रार्थनेसाठी. तीनला आपोआप जाग येते, गजर लागत नाही. पण गुडघे टेकले की दहा मिनिटांत कपाळ खाटेच्या कडेला टेकतं. डोळे उघडतात तेव्हा साडेचार वाजलेले असतात. मग दिवसभर कानात एकच वचन घुमतं, गेथशेमाने बागेत झोपलेल्या शिष्यांना येशू म्हणाला ते, 'तुमच्याने घटकाभरही माझ्याबरोबर जागवले नाही काय?'"

लहानपणी वडील नीतिसूत्रांतलं "अरे आळशा, मुंगीकडे जा" म्हणून पांघरूण ओढून उठवायचे, तेही त्यांनी हसत सांगितलं. हसू वरवरचं होतं.

मी त्यांना कालचा दिवस सांगायला लावला आणि कागदावर तास मांडले. सकाळची शाळा, दुपारी पोर्टलवर मुलांची माहिती भरणं, संध्याकाळी मंडळाची बैठक, स्वयंपाक, ओटा, नवऱ्याच्या गोळ्या, साडेअकराला पाठ टेकणं, तीनला उठणं. बेरीज त्यांनीच केली. "चार तासही भरत नाहीत की." प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप हवी, असं झोपेच्या तज्ज्ञांनी २०१५ साली एकमताने सांगितलंय. या हिशेबाने ताई रोज निम्म्या झोपेवर जगत होत्या आणि त्या थकव्याला पाप म्हणत होत्या.

पुढच्या भेटीत मी बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट काढली. कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या साडेचारशे संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहिलेला हा माणूस ईजबेल राणीच्या धमकीने रानात पळतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, आता पुरे, माझा प्राण घे. देव त्याला काय करतो? रागावत नाही. झोपू देतो. मग देवदूत शिवून उठवतो; उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो! दुसऱ्यांदा उठवताना देवदूत म्हणतो, खा, तुला लांबची वाट चालायची आहे. "तू येथे काय करतोस?" हा प्रश्न देव विचारतो तो त्यानंतर चाळीस दिवसांनी, होरेब डोंगराला पोचल्यावर. आधी झोप, मग भाकर, मग प्रवास आणि मग प्रश्न. माझ्या कामाचा क्रम मी याच अध्यायातून घेतलाय आणि तो मला कधी सोडावासा वाटला नाही. उपाशी, जागरणाने तुटलेल्या माणसाला त्याच्या विश्वासाबद्दल विचारू नये. उत्तर त्याचं नसतं, थकव्याचं असतं.

ताईंनी ऐकून घेतलं. "एलीया संदेष्टा होता हो. मी कोण?"

मी तारवातला प्रसंग सांगितला. वादळ, लाटा आत येताहेत आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलाय. ताई म्हणाल्या, "तो प्रभू होता."

"शिष्य दमून आले तेव्हा त्यानेच म्हटलं ना, एकांती या आणि थोडा विसावा घ्या?"

"ते गावोगाव सेवा करून आले होते. मी काय केलंय?"

शास्त्रातला प्रत्येक विसावा त्यांना दुसऱ्या कुणासाठी तरी मान्य होता. माणूस असा दारं लावत जातो तेव्हा वचनांचा मारा थांबवायचा असतो. ज्याला वचन पाठ आहे त्याला तेच वचन पुन्हा ऐकवून काही हलत नाही. दार कुठून बंद झालं ते शोधावं लागतं. मी विषय बदलला.

"तीनला जाग कधीपासून येते?"

त्या थांबल्या. "आई गेली तेव्हापासून." आणि लगेच, "त्याचा काही संबंध नाही."

आई आठ महिने अंथरुणाला खिळून होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची आणि तीन वाजताचं औषध चुकवायचं नाही. शाळा सांभाळून हे सगळं त्यांनी केलं. हे कळायला दोन भेटी गेल्या. शेवटच्या रात्रीपर्यंत पोचायला आणखी काही. ती रात्र त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. त्या रात्री तीनचं औषध दिलं, खुर्ची खाटेजवळ ओढली, आईचा हात हातात घेतला आणि कपाळ खाटेच्या कडेला टेकून त्यांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा हातातला हात गार होता.

"तिने पाणी मागितलं असेल का हो? मला हाक मारली असेल का?"

मी विचारलं, "आता प्रार्थनेला कुठे बसता?"

"आईच्याच खोलीत. खाटेपाशी."

तीच खाट, तीच वेळ, कपाळ टेकायची तीच कड. बोलता बोलता त्यांचा हात कपाळावर गेला आणि तिथेच राहिला. त्या रोज पहाटे प्रार्थनेला बसत होत्या आणि रोज पहाटे त्या एका रात्रीची परीक्षा पुन्हा देऊन पुन्हा नापास होत होत्या. गेथशेमानेचं ते वचन त्यांना एवढं का लागत होतं, ते मला त्या क्षणी लख्ख दिसलं. ते प्रार्थनेबद्दल नव्हतंच. ते आईबद्दल होतं.

मी शास्त्र त्यांच्या हातात दिलं. "लूक काढा. बावीसावा अध्याय, पंचेचाळीसावी ओवी."

गेथशेमाने आपण बहुतेक मत्तय किंवा मार्कातून ऐकतो. तिथे "आत्मा उत्सुक आहे, पण देह अशक्त आहे" असं आहे आणि उपदेशात जोर नेहमी देहाच्या अशक्तपणावर पडतो. लूक तीच रात्र सांगतो, पण शिष्य का झोपले याचं कारण देतो. ताईंनी मोठ्याने वाचलं: येशू प्रार्थना करून उठला, शिष्यांकडे आला, तेव्हा ते दुःखामुळे झोपी गेलेले त्याला आढळले.

त्यांनी पुन्हा वाचलं. मग बोट त्या ओळीवर ठेवून मनातल्या मनात आणखी एकदा.

"दुःखामुळे," त्या म्हणाल्या. "आळसाने नाही."

मी काहीच बोलले नाही.

थोड्या वेळाने म्हणाल्या, "लूक वैद्य होता ना? म्हणून त्याला कळलं असेल." पौल कलस्सैकरांच्या पत्रात त्याला प्रिय वैद्य म्हणतो, हे त्यांचं त्यांनाच आठवलं. आणि मग त्या रडल्या. आईच्या मातीलाही एवढं रडले नव्हते, असं नंतर म्हणाल्या. तिथे आलेल्यांना चहा द्यायचा होता.

रडून झाल्यावर मी एवढंच विचारलं, "झोपलेल्या शिष्यांना येशूने टाकून दिलं का?" उत्तर त्यांना पाठ होतं. मार्कात तो शेवटी म्हणतो, उठा, आपण जाऊ. "आपण म्हणतो तो," ताई म्हणाल्या. "त्यांना घेऊनच निघतो."

माझ्या कामातले असे क्षण मी जपून ठेवते. या कामात मी जे शिकले त्याचं सार तिथे होतं: ज्याला माणूस विश्वासातली खोट समजतो ते बरेचदा न रडलेलं दुःख असतं किंवा न घेतलेली विश्रांती. दोन्ही शरीरात साठतात आणि शरीर आपला हिशेब झोपेतून मागतं. देव पहाटे उठवत नाही असं मी कुणालाही सांगत नाही. तो अधिकार माझा नाही. पण शरीरही उठवतं, काळजी उठवते, जुनी पाळी उठवते. तीनला जाग आली की आधी हे विचारावं: मी प्रार्थनेला उठलेय की पहाऱ्याला?

पहाऱ्याची नेमणूक आपली नाही. १२१व्या स्तोत्रात इस्राएलाचा रक्षक झोपत नाही, त्याला डुलकीही लागत नाही, असं स्पष्ट म्हटलंय. तो जागा आहे म्हणून आपण झोपू शकतो. चौथ्या स्तोत्राचा कर्ता म्हणूनच स्वस्थपणे पडून लगेच झोपी जातो. रात्री सात तास मंडळी, मुलं, आजारी माणूस, उद्याची फी, सगळं हातातून सोडून द्यायचं आणि ते सांभाळणारा दुसरा आहे असं मानून डोळे मिटायचे. विश्वासाची याहून साधी कृती मला माहीत नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात दिवस मोजलाय तोही संध्याकाळपासून: संध्याकाळ झाली, सकाळ झाली, हा पहिला दिवस. माणूस झोपतो त्या भागाने दिवस सुरू होतो. सकाळी आपण उठतो तेव्हा देवाचं काम आधीच चालू असतं.

रात्रभराच्या प्रार्थनेला माझा विरोध आहे असा अर्थ कुणी काढू नये. बारा प्रेषित निवडण्याआधी येशूने सबंध रात्र प्रार्थनेत घालवली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या काळात, १९०५ साली, जे संजीवन, म्हणजे विश्वासाचं नवचैतन्य, आलं त्याची आठवण मराठी मंडळ्यांत आजही आदराने काढतात, आणि ३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासना मला स्वतःला प्रिय आहे. पण जागरण हे दान आहे. रोज कापून घ्यायचा दंड नव्हे. ज्यांनी जागरणाचा मार्ग सर्वांत कडकपणे चालवला त्यांनाही हे ठाऊक होतं. इजिप्तच्या वाळवंटातले संन्यासी अब्बा पोमेन यांना काही वडीलधाऱ्यांनी विचारलं, उपासनेत एखादा भाऊ पेंगताना दिसला तर त्याला हलवून उठवावं का? ते म्हणाले, मी तर त्याचं डोकं माझ्या मांडीवर घेईन आणि त्याला विसावा देईन. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्ट यांच्या नियमात संन्याशांनी हिवाळ्यात मध्यरात्रीनंतरही थोडं झोपून मगच उठावं असं लिहिलंय, म्हणजे अन्न पचलेलं असेल. वसईकडची कॅथलिक माणसं येतात त्यांना मी लिझ्यूच्या संत तेरेजाची आठवण देते. ती सात वर्षं प्रार्थनेत झोपत होती आणि म्हणायची, लेकरं झोपलेली असली तरी आईबापांना तितकीच प्रिय असतात. पोप फ्रान्सिस यांच्या टेबलावर झोपलेल्या संत योसेफाची मूर्ती असे. २०१५ साली मनिलात कुटुंबांशी बोलताना त्यांनीच ते सांगितलं होतं. मरीयेचा पती असलेल्या या योसेफाला देवाचा निरोप मिळाला तो झोपेतच.

आता थोडं व्यवहाराचं. प्रार्थना दिवसातल्या ताज्या वेळेला करा, उरलेल्या वेळेला नको. गुडघ्यांवर डोळा लागत असेल तर बसून, चालत, मोठ्याने म्हणून करा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, मंडळीचा ग्रुप त्यात असला तरी. आणि प्रत्येक झोप आध्यात्मिक नसते. घोरणं, झोपेत श्वास अडकणं, पुरेशी झोप होऊनही दिवसा पेंग येणं, रक्त कमी असणं, थायरॉईड, नैराश्य, हे सगळं डॉक्टरांनी तपासायचं असतं. आठवड्यातून तीन रात्री झोप येत नाही आणि असं तीन महिने चाललंय, तर डॉक्टरकडे जाणं अविश्वास नाही. एलीयासारखं "आता पुरे, माझा प्राण घे" मनात येत असेल तर थांबू नका. घरच्या कुणाला तरी सांगा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीला १४४१६ वर फोन करा, चोवीस तास कुणीतरी उचलतं.

मंडळ्यांनाही सांगायचंय. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकात शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा देताना कारण दिलंय ते मिसरातल्या गुलामगिरीचं, आणि त्यात तुझ्या दासाला व दासीलाही तुझ्याप्रमाणे विसावा मिळावा असं म्हटलंय. आपल्याकडे रविवारी सर्वांत दमलेलं घर पाळकांचं असतं. त्यांना सोमवार द्या, आणि त्या दिवशी दार वाजवू नका. सहभोजनाचा स्वयंपाक करणाऱ्या त्याच चार बायका किती वर्षं करताहेत, तेही एकदा मोजा.

ताईंच्या तपासणीत हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं. गोळ्या चालू झाल्या. साखळी प्रार्थनेची पहाटेची पाळी त्यांनी एका निवृत्त काकांना दिली. त्यांना तसंही तीननंतर झोप येत नाही. स्वतः संध्याकाळी सहाची घेतली. आईच्या खोलीत आता मुलगा अभ्यास करतो. अधूनमधून तीनला जाग अजून येते.

"मग काय करता?" मी शेवटच्या भेटीत विचारलं.

"चौथ्या स्तोत्राची शेवटची ओवी म्हणते आणि कूस बदलते. कधी कधी अर्ध्यावरच झोप लागते." जरा थांबून त्यांनी विचारलं, "अर्धी म्हटलेली चालते ना?"

"चालते," मी म्हटलं.