अंगणापलीकडच्या खोलीत वाय-फाय

प्रश्न : आमचं घर यावल तालुक्यातलं, जुनं धाब्याचं. पुढच्या खोलीत फायबरचं नेट आहे. मग मधलं घर, स्वयंपाकघर, अंगण आणि पलीकडे पत्र्याची खोली. तिथे मुलगी बारावीचा अभ्यास करते. स्वयंपाकघरात वाय-फायची एक काडी उरते, खोलीत तीही नाही. दुकानदार एक्स्टेंडर घ्या म्हणतो. टेलिफोन लाइनवर नेट होतं तेव्हाचा राउटर कपाटात पडून आहे. तो चालेल का?

उत्तर : चालेल, ताई. एक्स्टेंडर राहू द्या. तो स्वयंपाकघरात लावलात तर तिथली मरतुकडी एक काडीच पुढे फेकणार, आणि झेलणं-फेकणं एकाच लहरीवर करताना वेगही साधारण निम्म्यावर येतो. त्यातून तुमच्या दीड-दोन फुटी मातीच्या भिंती. मे महिन्यात त्या घर गार ठेवतात, पण वाय-फायला त्यांच्यापुढे जोर नाही. पत्रा तर लहरी परतवूनच लावतो. म्हणून जुना राउटर पत्र्याच्या खोलीच्या आत हवा आणि त्याच्यापर्यंत वायर.

वायर कॅट-५ई किंवा कॅट-६ घ्या, तांब्याची आहे ना ते विचारून. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते, ती नको. शंभर मीटरपर्यंत अडचण नाही, तुमचं अंतर त्याच्या आतच असेल. अंगणातून पीव्हीसी पाइपात न्या, पण लाइटच्या वायरींच्या पाइपात नको.

आता जुना राउटर. आधी तो एकटाच लॅपटॉपला वायरनं जोडा. मागच्या बारीक भोकात टाचणी दहा-पंधरा सेकंद दाबून धरली की जुनं सगळं पुसलं जातं. खालच्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका, पासवर्डही तिथेच असतो. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड पुढच्या राउटरसारखाच द्या, सुरक्षा डब्ल्यूपीए-२ ठेवा. त्यात फक्त डब्ल्यूईपीच दिसत असेल तर तो भंगारवाल्याला द्या, ते कुलूप आता कोणीही उघडतं. चॅनल वेगळं निवडा : पुढच्याचं १ असेल तर याचं ६ किंवा ११.

मग डीएचसीपी, म्हणजे फोनांना नंबर वाटायची सोय, बंद करा. मी अमळनेरच्या घरी हे पहिल्यांदा केलं तेव्हा नेमकं तेवढंच विसरलो. घरातल्या प्रत्येक फोनला नंबर देणं हे एकाच राउटरचं काम. माझ्याकडे दोघंही वाटायला बसले. जुना ज्याला नंबर देई त्याला सांगे, नेटचं दार मीच. आणि त्याच्यामागे नेट होतंच कुठे? फोनवर काड्या पूर्ण, चालत काही नाही. तासभर वायरी उपसत होतो, तोवर ओट्यावरून आई ओरडली, ‘काय करी ऱ्हायना रे तू? मन्हं कीर्तन बंद पडनं!’

त्याच पानावर जुन्याचा स्वतःचा पत्ताही बदला. पुढचा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. सेव्ह केल्यावर पान गायब होईल. घाबरू नका, पत्ता बदलला म्हणून ते होतं.

वायर जोडताना पुढच्या राउटरच्या लॅन पोर्टातून (घरातला लॅपटॉप वायरनं जोडायचं भोक) जुन्याच्याही लॅन पोर्टातच घाला. फोनची बारीक वायर जायची ते भोक रिकामं राहू द्या.

वेगाचं म्हणाल तर जुन्याचे पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचे असतील. तुमचा प्लॅन २०० चा असला तरी मागे शंभरच्या आतच मिळेल, वाय-फायवर त्याहूनही कमी. ऑनलाइन तासाला तेवढं रग्गड झालं.

राउटर पत्र्याला लागून टांगू नका, टेबलावर ठेवा. उन्हाळ्यात वर तवा तापलेला असतो. ॲडॉप्टर त्याचाच लावा : काही राउटर ९ व्होल्टचे, काही १२ चे, पिन मात्र सारखीच दिसते. वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की अंगणातली वायर दोन्ही टोकांनी काढून ठेवा.

आणि मुलगी खोलीत गेल्यावर तिचा फोन पुढच्याच राउटरला चिकटून राहिला तर वाय-फाय एकदा बंद-चालू करायला सांगा. काही फोनांना ती खोड असते.