आधी खडूने घर आखून घे

तालीम सुरू झाली की पहिल्याच दिवशी फरशीवर खडूने नेपथ्य आखून घे. दार, खिडकी, सोफा, सगळं खऱ्या मापात. आमच्या एका एकांकिकेत तालमीभर दार हवेतलंच होतं. प्रयोगाला ते आतल्या बाजूला उघडलं, आणि रागाने घराबाहेर पडणारी आमची नायिका दार ओढताना दोन पावलं मागे सरकली. प्रेक्षक हसले. राग गेला तो गेलाच.

रंगमंचावर लेव्हल, म्हणजे उंच चौथरा, असेल तर पायऱ्या संवादांइतक्याच पाठ कर. ६ इंचांच्या चढणीला आणि ९ इंचांच्या चढणीला श्वास वेगळा लागतो, वाक्याची फेकही बदलते. म्हाताऱ्याची भूमिका असेल तर उंच पायरी निम्मा अभिनय तूच न करता करून देते.

सेट नाही म्हणून रडू नकोस. १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये नटांची रांगच पडदा झाली होती. पण तिथे एकाने जरी पाय हलवला तरी भिंतीला तडा जातो. मला विचारशील तर रिकामा रंगमंचच जास्त अवघड; हात टेकायला काही नसतं.

आणि नेपथ्यकाराला एकदा चहा पाजून विचार, ती खुर्ची तिरकी का ठेवलीय.