परभाषेतलं कीर्तन

प्रश्न: दादरच्या गुरुद्वारात कीर्तन ऐकून उभारी येते, पण शब्द कळत नाहीत. सुरुवात कुठून करू?

उत्तर: नामदेवांपासून. गुरू ग्रंथ साहिबात त्यांचे ६१ शबद, म्हणजे पदं, आहेत, विठ्ठलासकट! शबदाचा 'अंग', म्हणजे पानाचा क्रमांक, विचारून घ्या; प्रमाण छापील प्रतींत १४३० पानं सारखीच असल्याने अर्थ चटकन सापडतो. ऐकताना 'रहाउ'ची ओळ, म्हणजे छापील शबदात जिच्या शेवटी 'रहाउ' लिहिलेलं असतं ती, पकडा. शबदाचा गाभा बहुधा तिच्यातच असतो आणि रागी, म्हणजे कीर्तन गाणारे, तीच ध्रुपदासारखी घोळवतात. बाकीच्या ओळी सावकाश. देवनागरी प्रतीत फसगत होते ती शब्दाच्या शेवटी: 'बीठलु' लिहिलं तरी म्हणायचं 'बीठल'. तो ऱ्हस्व उकार सहसा फक्त व्याकरणापुरता असतो. तो उच्चारला की लय अडखळते.