जहाजांचे अपघात खरंच 'मानवी चुकी'मुळे होतात का?

"धाकटा भाऊ मर्चंट नेव्हीत जायचं म्हणतोय. एवढं रडार, जीपीएस असताना बहुतेक अपघात मानवी चुकीमुळे होतात असं वाचलं. शिकलेली माणसं अशा चुका करतात तरी कशा?" असा तुमचा प्रश्न आहे.

मी औसा तालुक्यातला, जहाजावर सेकंड ऑफिसर. (ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथलं पोरगं समुद्रावर कसं गेलं, हे मला दर सुट्टीत पारावर विचारतात. ते पुन्हा कधीतरी.)

'मानवी चूक' हे उत्तर खोटं नाही, अर्धं आहे. आमच्याकडं उसाच्या हंगामात रात्री दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर उलटला की सगळे म्हणतात, डायवरला डुलकी लागली. लागलेलीच असते. पण कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत तो किती तास जागा होता, वर आणखी एक खेप कुणी करायला लावली, डोक्यावर उचल किती होती, याला पंचनाम्यात रकानाच नसतो.

समुद्रावरचं याचंच उदाहरण म्हणजे 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ'. ६ मार्च १९८७, बेल्जियमचं झेब्रुगे बंदर. गाड्या चढवायचा पुढचा दरवाजा उघडा ठेवूनच ही फेरी निघाली, बंदराबाहेर पडताच आत पाणी शिरलं आणि काही मिनिटांच्या आत ती आडवी झाली. १९३ माणसं गेली. दरवाजा लावायचं काम असिस्टंट बोसनचं (बोसन म्हणजे खलाशांचा मुकादम), आणि तो केबिनमध्ये झोपला होता. झालं, दोषी सापडला!

पण पुढं बघा. खुद्द बोसन दरवाजाच्याच डेकवर, म्हणजे मजल्यावर, होता, पण दरवाजा लावणं त्याच्या कामात बसत नव्हतं. चीफ ऑफिसरनं दरवाजावर लक्ष ठेवायचं आणि त्याच वेळी ब्रिजवरही (जिथून जहाज चालवतात तिथं) हजर राहायचं, असा कंपनीचा हुकूम. आता एक माणूस दोन ठिकाणी कसा उभा राहणार? कॅप्टनला ब्रिजवरून दरवाजा दिसतच नव्हता. दरवाजा उघडा की बंद हे दाखवणारा दिवा ब्रिजवर बसवा, अशी मागणी कंपनीच्याच कॅप्टननी आधी केली होती आणि ऑफिसनं ती थट्टेवारी नेली होती. शिवाय लवकर सुटा म्हणून दबाव होताच. चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शीन यांनी ढिलाईचा हा रोग कंपनीत वरपासून खालपर्यंत असल्याचं लिहिलं. ते दिवे मग लागले, अपघातानंतर.

यातूनच पुढं आयएसएम कोड, म्हणजे जहाज सुरक्षित चालवायचे आंतरराष्ट्रीय नियम, आला, १ जुलै १९९८ पासून प्रवासी जहाजांना आणि टँकरना सक्तीचा. त्यानुसार किनाऱ्यावर डीपीए नावाचा एक माणूस असतो. जहाजावरून त्याला थेट फोन करता येतो आणि त्याला कंपनीच्या सगळ्यात वरच्या साहेबापर्यंत जाता येतं. कागदावर फार चांगली सोय आहे.

आता माझं सांगतो. नियमानं २४ तासांत किमान १० तास विश्रांती हवी, तीही जास्तीत जास्त दोन तुकड्यांत, त्यातला एक तुकडा सहा तासांचा. एकदा रात्री बारा ते चार वॉच (ब्रिजवरची पहाऱ्याची पाळी) केली, लगेच पायलट (जहाजाला बंदरात वाट दाखवणारा) आला, मागच्या बाजूला दोर बांधायला उभा राहिलो, सहा वाजता कार्गो वॉच, म्हणजे मालाच्या चढउतारावर देखरेख. दुपारी झोपणार तर इन्स्पेक्टर चढले. रात्री दहाला जहाज सुटलं, पुन्हा मागं उभा. आणि बाराला परत वॉच. विश्रांतीचे तास भरायच्या शीटमध्ये तो दिवस लालभडक झाला. कॅप्टनसाहेब म्हणाले, "ॲडजस्ट करून टाक." मी दुपारी बारा ते सहा झोप दाखवली. चौकोन हिरवा झाला.

त्याच वॉचमध्ये मी रडारसमोर उभा होतो, डोळे उघडे होते. एक ठिपका जवळ येतोय हे दिसत होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं. लुकआउटवरचा, म्हणजे समुद्रावर नजर ठेवणारा, खलाशी म्हणाला, "साब, वो बत्ती बहुत पास आ रही है." मासेमारीची बोट! उजवीकडं वळवून निघालो. असं झालं की 'निअर मिस', म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघाताचा, रिपोर्ट लिहायचा असतो. मी लिहिला नाही, कारण त्यात पहिला प्रश्न आधीच्या झोपेचा येतो आणि शीटवर तर मी सहा तास झोपलेलो होतो. डीपीएचा नंबर भिंतीवरच होता. तोही फिरवला नाही, पुढचं कॉन्ट्रॅक्ट त्याच कंपनीत हवं होतं.

बोट वाचली नसती तर चौकशीत माझं नाव आलं असतं, आणि ते बरोबरच होतं. चौकोन हिरवा करणारा हात माझाच.

भावाला नेव्हीत जाऊ द्या, काम चांगलं आहे. फक्त एजंटानं पगार सांगितला की त्याला विचारा, जहाजावर वॉच करणारे ऑफिसर तीन आहेत की दोन. छोट्या जहाजांवर बऱ्याचदा दोघांतच भागवतात, सहा तास काम, सहा तास सुट्टी, महिनोन् महिने. आणि त्या सुट्टीच्या सहा तासांतच जेवण, अंघोळ, कागद आणि झोप.