मांडीची सवय होते, पण सगळ्याच अवयवांना नाही

गोराईला १० दिवसांच्या विपश्यना शिबिराला बसायचंय, पण मांडी घातली की वीस मिनिटांत उजवं पाऊल बधिर होतं आणि गुडघा आतून दुखतो, सवयीने जाईल का, असं तुम्ही विचारलंय. माझं रडगाणंही हेच होतं. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.

तक्रारी दोन आहेत, एक नाही. आधी गुडघ्याचं. स्नायू काही आठवड्यांत सैलावतात. खुब्याच्या हाडाचा आकार मोठेपणी बदलत नाही. टेबलावर पाय लोंबते सोडून बसा आणि मांडी न हलवता पाऊल दुसऱ्या पायाच्या बाजूला न्या. साधारण ४५ अंश गेलं तर ठीक. फार आधी अडलं, तर उरलेला पीळ गुडघ्यावर पडतो. गुडघा म्हणजे बिजागरी. पिळला की आतली कूर्चा चिमटते.

म्हणून गुडघे वरून दाबून जमिनीला टेकवणारे योगशिक्षक डोक्यात जातात. आमच्या उपनगरातल्या एका वर्गात तर पाठीमागून येऊन दाबतात, वर 'सोसा, मोकळं होईल' हा उपदेश. माझं दुखणं सगळ्यात जास्त तिथेच वाढलं. कुणी हात लावायला आलं तर सरळ नाही म्हणा.

बधिरपणाचं वेगळं. गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला हाडाचा उंचवटा लागतो, त्याला वळसा घालून एक नस कातडीलगत जाते. ती दाबली गेली की पाऊल झोपतं. नसेला दाबाची सवय होत नाही, बैठकच बदलावी लागते. उठण्याआधी चवडा वर उचलून बघा. उचलत नसेल तर थांबा. बऱ्याच वेळाने तसंच राहिलं तर डॉक्टर गाठा.

गुडघे खुब्यापेक्षा खाली येतील इतकी बुडाखालची बैठक उंच हवी. बहुतेकांना ४ ते ६ इंच, तीही दबल्यानंतरची. फोम इथेच फसवतो, बसलं की निम्मा होतो. घोंगडीची घट्ट घडी बरी, किंवा गादीवाल्याकडून कापूस ठासून घ्या (मुंबईच्या पावसाळ्यात त्याचे गोळे होतात, ऊन दाखवत राहा). बैठकीच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्यावरच बसा. पावलं एकावर एक नकोत, एकापुढे एक ठेवा. घोट्याखाली पंचाची घडी, अधांतरी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. पुढचा पाय रोज बदला.

शिबिरात चौथ्या दिवसापासून रोज तीनदा तासभर न हलता बसायचं असतं. अर्जातच गुडघ्याचं लिहा आणि खुर्ची मागा, मिळते. लाज कसली त्यात?